रांगेचं मागचं दार



आमच्या वस्तीतल्या एका हमालाला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सरकारी रुग्णालयाने चौथ्यांदा 'पुढच्या महिन्यात या' म्हणून परत पाठवलं. आम्ही सोबत होतो. यादी दाखवा म्हटलं, तर यादीच नव्हती. होती ती केसपेपरवरची तारीख आणि कुणाकुणाची ओळख.

खाटा आणि भूलतज्ज्ञ कमी असले की तातडीची नसलेली शस्त्रक्रिया मागे पडणार, हे आम्हालाही कळतं. प्रश्न रांगेच्या मागच्या दाराचा आहे. ते कसं बसवलं जातं, हे ब्रिटनच्या इतिहासात पाहावं.

५ जुलै १९४८ ला तिथे सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. मंत्री अन्युरिन बेव्हन स्वतः कोवळ्या वयात कोळसाखाणीत राबलेले. तरीही बड्या डॉक्टरांचा विरोध निवळावा म्हणून त्यांनी तडजोड केली आणि सरकारी रुग्णालयांतच काही खाटा पैसे भरणाऱ्यांसाठी राहिल्या. डॉक्टर तेच, थिएटर तेच. पैसेवाल्याला मात्र थांबायला नको.

याविरुद्ध उभं कोण राहिलं? जुलै १९७४ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातल्या सफाई, स्वयंपाक, हमाली करणाऱ्या कामगारांनी खासगी वॉर्डाचं काम बंद केलं. सरकारला दखल घ्यावी लागली. मंत्री बार्बरा कॅसल यांनी पुढे रेटलेल्या धोरणातून १९७६ चा कायदा आला आणि अशा खाटा टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं. १९८० मध्ये थॅचर सरकारने ते फिरवलं. (मागची दारं अशीच पुन्हा उघडतात.)

पुढे भांडण मोजणीवर आलं. १९९१ च्या रुग्ण सनदेने दोन वर्षांची कमाल मर्यादा दिली, पण मोजणी शस्त्रक्रियेच्या यादीत नाव चढल्यापासून; त्याआधी ओपीडीत गेलेले महिने हिशेबाबाहेर. २००४ मध्ये ठरलेल्या उद्दिष्टात घड्याळ पहिल्या डॉक्टरच्या चिठ्ठीपासून धरलं: १८ आठवडे, २००८ अखेरपर्यंत. निधीही वाढवला, म्हणून ते साधलं. २०१६ पासून मात्र ते सतत चुकतं आहे.

बिंदुनामावली तपासल्याशिवाय नोकऱ्यांतला अनुशेष बाहेर येत नाही, हे आपण अनुभवाने शिकलो. शस्त्रक्रियेचाही अनुशेष असतो. तो सोनोग्राफीच्या तारखेत लपतो, भूलतज्ज्ञाच्या रजेत लपतो. मजुरी बुडवून चार खेपा कोण घालतो, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे: गेल्या वर्षी हर्नियाच्या प्रत्येक रुग्णाची ओपीडीतली पहिली तारीख कोणती आणि ऑपरेशनची कोणती? नावं नकोत, फक्त तारखा द्या.