आजीचे दोन बाप्तिस्मे

आमच्या आजीचा बाप्तिस्मा दोनदा झाला, असं घरात सगळे म्हणत. आजीला ते अजिबात खपत नसे. "बाप्तिस्मा एकदाच असतो. दुसऱ्या टायमाला फादरनी नुसतं पाणी घातलं," असं ती ठासून सांगायची. गंमत म्हणजे धर्मशास्त्राच्या हिशेबानं तिचंच बरोबर होतं. प्रोटेस्टंट मंडळीतून कुणी कॅथलिक व्हायला आलं, की पहिला बाप्तिस्मा रीतसर झाला होता की नाही या शंकेपोटी त्या काळी फादर 'आधी झाला नसेल तर' अशी अट घालून पुन्हा पाणी घालत. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांचंही तसंच झालं. 1891 साली त्यांनी आधी अँग्लिकन पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेतला आणि काही महिन्यांतच कराचीत ते कॅथलिक झाले, तेव्हाही हीच अट. हे मी आजीला एकदा कौतुकानं सांगायला गेलो, तर म्हणाली, "बंगाल्याचं ऱ्हाऊ दे लेकरा, भाकरी गार व्हायलीय."

आजीचं माहेर 'मिशनचं' आणि सासर 'रोमन'. आमच्याकडची म्हातारी माणसं याच शब्दांत बोलत. मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. ते लोक नगरला आले 1831 साली, 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही त्यांनी 1842 मध्ये नगरलाच सुरू केलं. रोमन फादर उशिरा आले, 1878 च्या सुमाराला, राहुरीकडच्या केंदळला. म्हणजे तो मोठा दुष्काळ सरत होता तेव्हा. जर्मन बोलणारे जेझुइट ते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं जर्मन फादरांना अडकवून ठेवलं, मग मायदेशी धाडलं. आमच्या पणजोबांच्या तोंडी एक वाक्य होतं म्हणतात: दुष्काळात ज्याचं धान्य आधी पोचलं, त्याची प्रार्थना गावानं धरली. यात तिखटमीठ किती आणि खरं किती ते सोडा. पण मिशनवाले म्हणत, रोमनांनी आमची मेंढरं पळवली, आणि रोमन म्हणत, मेंढरं आपल्या पायांनी आली. हे भांडण मी लहानपणी बारशापासून मयतीपर्यंत सगळीकडे ऐकलंय.

आजीचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. घरात रोज दिवेलागणीला बायबलचा एक अध्याय आणि रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन. भिंतीवर एक शास्त्रवचन, बाकी भिंत कोरी. अशा घरातली पोर रोमनाला द्यायची म्हणजे मास्तरांची परीक्षाच. बिशपांची परवानगी आणावी लागली, पोरं कॅथलिक होतील असं लिहून द्यावं लागलं, आणि लग्नही वेदीपुढं न लागता बाजूच्या खोलीत लागलं. तेव्हाचा नियमच तसा होता. मास्तर लग्नाला आले पण जेवले नाहीत, असं थोरली आत्या सांगायची. धाकटीच्या मते जेवले, आणि आमटी दोनदा मागून घेतली. मला धाकटीचं खरं वाटतं, कारण आमच्याकडची शिपी आमटी नाकारणं सोपं नाही.

सासरी आल्यावर आजीला पहिला धक्का बसला तो मरियेच्या पुतळ्याचा. त्याच्यापुढं मेणबत्ती, हार, म्हाताऱ्या सासूचे मिटलेले डोळे. "आमच्यात याला मूर्तिपूजा म्हणत्यात," असं नवी सून एकदा बोलून गेली आणि आठ दिवस घरात अबोला. मिस्सा लॅटिनमध्ये. लोक काहीच कळत नाही म्हणून रोझरीचे मणी ओढत बसत, आणि आजी मागच्या बाकावर पदराआड स्वतःचं मराठी बायबल वाचत बसे. शुक्रवारी मटण वर्ज्य, याचं मात्र तिला हसू येई. "बाकीचे सा दिवस तरी कुठं व्हतं?" शुक्रवारी तिच्या चुलीवर शेंगोळी असायची, ती चव पुन्हा कुणाच्या हाताला आली नाही.

मग तिचं पहिलं मूल गेलं. दीड वर्षाचं होतं, तापानं गेलं. माहेरचे पास्टर भेटायला आले. लेकरू प्रभूजवळ आहे, आता शोक नको, असं म्हणाले. चांगले गृहस्थ होते, आजी त्यांच्याबद्दल कधी वावगं बोलली नाही. पण मिशनच्या रीतीत मेलेल्यासाठी प्रार्थना करायची नसते. झालं गेलं देवाच्या हाती. नोव्हेंबरच्या 2 तारखेला, मृतांच्या दिवशी, सासू तिला कबरस्तानात घेऊन गेली. मातीवर चुना मारला, झेंडूची फुलं ठेवली, मेणबत्ती लावली. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत आले आणि त्यांनी उलट शास्त्रच सांगितलं: बाप्तिस्मा झालेलं एवढंसं लेकरू थेट स्वर्गात जातं, त्याला शुद्धिस्थान नाही, त्याच्यासाठी प्रार्थनेची गरज नाही. आजी म्हणाली, "त्याला नसंल फादर, मला हाय." पुढच्या ईस्टरला ती कॅथलिक झाली. मरियेचं नंतर तिला कुणी समजावून सांगितलं नाही. पोर गेलेली बाई म्हणून ती तिच्यापुढं बसू लागली, एवढंच.

पुढं कॉलेजात असताना मी जॉन हेन्री न्यूमन वाचला. ऑक्सफर्डचा मोठा अँग्लिकन विद्वान, 1845 मध्ये कॅथलिक झाला. त्याचा जुना मित्र पुसी अँग्लिकनच राहिला आणि मरियेच्या भक्तीतल्या अतिरेकावर त्यानं बोट ठेवलं. न्यूमननं 1866 साली त्याला छापील पत्रातून उत्तर दिलं. श्रद्धा सगळीकडे एकच असते, भक्ती मात्र देशोदेशी, माणसामाणसात वेगळी असते. परदेशातले काही भडक उद्गार मलाही मानवत नाहीत, असा त्याचा एकूण सूर. वाचताना मला सारखी आजी दिसे. तिनंही रोझरी धरली, पण गळ्यात पदकं घातली नाहीत. नवस बोलली नाही. पापनिवेदनाला जायची, पण आल्यावर कुरकुरायची, "नवऱ्याला सांगत नाय ते फादरला कशापायी?" माहेरची भांडी घेऊन सासरी आलेली बाई ती, रोजचा स्वयंपाक त्यातच करणार. न्यूमनला 2019 मध्ये संतपद मिळालं. आजीच्या वाट्याला आमच्या घरातल्या भिंतीवरचा एक फोटो आला.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तिथं मात्र आजी हौसेनं जायची. श्रीरामपूरजवळचं, तेव्हा साखर कारखान्याचं गाव ते. मरियेच्या जन्मदिनाच्या आसपास तिथं कोण येत नाही? रोमन, मिशनचे, हिंदू बायका कडेवर पोरं घेऊन. आम्हां पोरांना गोडीशेव आणि रेवड्यांची ओढ. आजी रांगेत उभ्या उभ्या टिळकांची भजनं गुणगुणायची. बायका विचारत, "कुठलं हो गाणं?" "म्हायेरचं," ती म्हणे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. मी तेव्हा शाळकरी होतो. एका रविवारी चर्चमध्ये टिळकांचं भजन सुरू झालं आणि आजीनं पाठ असलेल्या माणसाच्या ऐटीत एकटीनंच वरचा सूर लावला. घरी येताना आजोबांना म्हणाली, "बगा, आलं का न्हाई तुमचं गाडं माज्या रस्त्याला?" आजोबांनी नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही.

ती वारली तेव्हा मिस्सा झाली, आणि मिशनकडच्या भाचेमंडळींनी कबरीपाशी भजनं म्हटली. फादरांनी त्यांना मध्येच थांबवलं नाही.

पॅरिशच्या रजिस्टरात आजीच्या त्या दुसऱ्या पाण्याची नोंद आहे: नाव, तारीख, गॉडमदरचं नाव. लेकराचा, शेंगोळीचा, मास्तरांच्या आमटीचा त्यात उल्लेख नाही. तुमच्या घरातही एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत आलेलं कुणी म्हातारं असेल, तर ते का आलं हे यंदाच्या 2 नोव्हेंबरच्या आत विचारून घ्या, आणि सांगतील तसंच, त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा.