गळालेले टिंब

आंबेगाव तालुक्यात अवसरी नावाची दोन गावे आहेत. एक खुर्द, दुसरे बुद्रुक. फारसीत ‘खुर्द’ म्हणजे धाकटे, आणि ‘बुद्रुक’ हे ‘बुजुर्ग’चे, म्हणजे थोरल्याचे, मराठी रूप. जाणत्यांच्या बोलण्यातून हे शेपूट गळाले तरी अडत नाही. परक्याने पत्रावर गाळले, तर ते कोणत्या अवसरीस न्यायचे?

गाळण्याच्या कोड्याचे मर्म नेमके हेच आहे. याच नावावर ते घालून पाहू. अवसरीचा ईकार काढला की ‘अवसर’, म्हणजे संधी. त्यातला ‘व’ काढला की ‘असर’, म्हणजे परिणाम. त्याचेही मस्तक उडविले की उरतो मोत्यांचा ‘सर’.

चौकटींचे शब्दकोडे आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रात छापले; पण हा गाळण्याचा खेळ आपल्याकडे फार जुना. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त शूद्रक राजा ज्या करमणुकींत वेळ घालवितो, त्यांत अक्षरच्युतक व मात्राच्युतक आहेत. अक्षर वा मात्रा गळाली की त्याच ओळीतून निराळा अर्थ निघावा, हा त्यांतला डाव. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) तर ‘निरोष्ठ रामायण’ रचले. ओठाला ओठ लागेल असे प, फ, ब, भ, म हे वर्ण त्यात वर्ज्य. म्हणजे रामायण रामाचे, आणि ‘राम’ हा शब्दच लिहिण्याची सोय नाही! तरीही श्रोता अडत नाही, कारण गाळलेले नाव त्याच्या मुखीच असते.

याच जातीचा तिसरा प्रकार बिंदुच्युतक. मराठीतले सर्वांत मोठे बिंदुच्युतक मात्र कोणा कवीने रचले नाही. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम राज्य शासनाने स्वीकारले, आणि न उच्चारलेला अनुस्वार लेखनातून गेला. पूर्वी ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी. टिंब पुसले की माणसाची ओळख पाण्यावर तरंगू लागे. आता दोन्ही ‘नाव’च, त्या कोड्यात गाळायला काही उरलेच नाही.

मुलांचा शीण वाचला, हे खरे. जे कानाला ऐकू येत नाही ते लिहायचे कशाला, हा प्रश्नही रास्तच होता. परंतु ‘तें’ एकवचनी नपुंसक आणि ‘ते’ अनेकवचनी पुल्लिंगी, हा भेद जुन्या पानावर त्या टिंबानेच डोळ्यांना दाखविला होता. आजच्या वाचकाला ते टिंब शाईचा शिंतोडा वाटते. गाळलेले ठाऊक असेल तोवरच गाळणे हा खेळ. पुढे ती नुसती हानी. म्हणून घरातले एखादे जुने पुस्तक या दिवाळीत मुलांपुढे उघडावे, आणि त्या टिंबांचा अर्थ त्यांना सांगावा.