अर्काटचे यंत्रकार

हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय मापणीचा इतिहास निघाला की लॅम्ब्टन, एव्हरेस्ट आणि वॉ ही तीन नावे आपोआप ओठांवर येतात. पुढे त्यांत राधानाथ शिकदारांची भर पडली, ती उचितच झाली. परंतु राधानाथ हे कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात युरोपीय गणित शिकून या खात्यात आलेले. त्यांच्या विद्वत्तेची ग्वाही द्यावयास कॉलेज होते, प्राध्यापक होते. ज्यांच्या बाजूने असे कोणतेच विद्यालय उभे नव्हते, त्या सय्यद मीर मोहसिन हुसेन यांच्याविषयी आम्ही येथे चार शब्द लिहू इच्छितो.

मोहसिन हुसेन मूळचे अर्काटचे. मद्रासेत एका जवाहिऱ्याच्या दुकानी घड्याळे दुरुस्त करणे, हा त्यांचा उद्योग. १८२३ ते १८२६ या काळात सर्व्हेयर जनरल असलेल्या व्हॅलेंटाइन ब्लॅकरची नजर या कारागिरावर पडली आणि त्याने त्यांस मापणीच्या यंत्रांच्या कामी कलकत्त्यास आणले. घड्याळाच्या कारागिराने कोनमापक यंत्रांकडे वळावे, ही उडी वरवर भासते तेवढी लांब नव्हे. चक्र आपल्या मध्याभोवती तसूभरही न डगमगता फिरले पाहिजे, हा धर्म दोहोंकडे एकच.

तो धर्म पाळणे किती कठीण, हे आकड्यांवाचून कळणार नाही. मापणीच्या मोठ्या थिओडोलाइटचे आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे, म्हणजे परीघ सुमारे ११३ इंच. त्यावर ३६० अंश बसवावयाचे, तर एका अंशाच्या वाट्यास इंचाचा तिसरा हिस्साही धड येत नाही, आणि एका सेकंदाच्या वाट्यास इंचाच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी! बरे, चूक यंत्रापुरती राहील तर तेही नाही. तीस मैलांवरील खुणेकडे दुर्बीण रोखली असता एका सेकंदाची चूक तेथे जाऊन सुमारे नऊ इंचांची होते. असे हे नाजूक यंत्र वजनाला मात्र अर्ध्या टनाचे, आणि ते डोंगरांवर व देवळांच्या शिखरांवर चढवावयाचे. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर चढविताना दोर तुटून लॅम्ब्टनचे यंत्र भिंतीवर आदळले व वर्तुळ वाकडे झाले. तेव्हा त्या गृहस्थाने स्वतःस तंबूत कोंडून घेऊन सुमारे दीड महिना खपून ते सरळ केले होते. (याच लॅम्ब्टनचा १८२३ साली आपल्या हिंगणघाटास अंत झाला.) प्रत्येक वेळी यंत्र लंडनला धाडून परत आणावयाचे, तर वर्षे जात. यंत्र दुरुस्त करणारा हात याच देशात असणे, ही मापणीची पहिली गरज होती.

१८३० साली एव्हरेस्ट नवी यंत्रे घेऊन विलायतेहून परतला. कंपनीचा यंत्रकार म्हणून हेन्री बॅरो हा इंग्रज त्याच सुमारास कलकत्त्यास आला. बॅरो कसबी होता यात शंका नाही. पण एव्हरेस्टसारख्या कोपिष्ट वरिष्ठाशी त्याचे जमले नाही आणि १८३९ साली त्यास जावे लागले. तारकावेधासाठी आणलेली मोठी वर्तुळयंत्रे तोवर सदोष ठरली होती. त्यांच्या पुनर्घटनेचे काम मोहसिन हुसेनांकडे आले, आणि ते त्यांनी पार पाडले.

पुढे काय झाले ते विज्ञानाच्या इतिहासात नमूद आहे. मुझफ्फरनगराजवळचे कल्याणा आणि माळव्यात सिरोंजनजीकचे कल्याणपूर, या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील अंतर जमिनीवरील मापणीने एक आले व ताऱ्यांच्या वेधांनी दुसरे. फरक ५.२३६ सेकंदांचा. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी १८५५ साली गणित मांडले, ते असे की हिमालयाच्या ओढीने ओळंबा कलतो हे खरे. पण त्या राशीच्या मानाने फरक सुमारे सोळा सेकंदांचा पडावयास हवा होता. पर्वतांखालचा थर आसपासच्या थरापेक्षा हलका असला पाहिजे, या आजच्या भूविज्ञानातील मूलभूत विचाराचा उगम या हरवलेल्या दहा-अकरा सेकंदांत आहे. पाच सेकंदांचा फरक हा यंत्राचा दोष नसून सृष्टीचे बोलणे आहे, असे मानण्याचे धैर्य विद्वानांस झाले, ते यंत्रांवर विश्वास होता म्हणूनच. हा विश्वास निर्माण करणाऱ्या हातांत अर्काटच्या कारागिराचा हात होता.

मात्र बॅरोच्या जागी त्यांस रीतसर नेमण्याचा प्रश्न निघाला तेव्हा अडचण उभी राहिली. मोहसिन हुसेनांस इंग्रजी लिहिता येत नव्हते. या हरकतीस केवळ हेकटपणा म्हणणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. सरकारी यंत्रकारास पत्रव्यवहार करावा लागे, हिशेब ठेवावे लागत. पण कामाची खरी कसोटी वर्तुळावर लागत होती, कागदावर नव्हे, आणि ती तर केव्हाच उतरली होती! स्तुतीच्या बाबतीत एरवी कृपण असलेला एव्हरेस्ट या मनुष्याच्या बुद्धीची व हातोटीची वाखाणणी करून त्यांच्यासाठी भांडला. अखेर १८४३ साली, म्हणजे एव्हरेस्ट सेवानिवृत्त झाला त्याच वर्षी, मोहसिन हुसेन कंपनी सरकारचे गणिती-यंत्रकार झाले. सरासरी चार वर्षे काम आधी चालले. हुद्दा मागाहून आला.

मोहसिन हुसेन १८६४ साली वारले. त्यांच्या यंत्रशाळेची परंपरा मात्र कलकत्त्यात चालू राहिली. १९५७ साली तिला नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स लिमिटेड हे रूप आले आणि जादवपुरात कारखाना चालू लागला. २००९ साली तो कारखाना जादवपूर विद्यापीठाच्या ताब्यात गेला.