बिब्बा आणि काजू

नाताळच्या फराळासाठी शिरगावातील आपल्या घरांतून काजू आवर्जून आणला जातो. बिब्ब्याची आठवण मात्र ‘कामात बिब्बा घातला’ एवढ्या वाक्प्रचारापुरती उरली आहे. वस्तुतः ही दोन्ही झाडे आंब्याच्याच कुळातील. दोहोंचे खरे फळ कठीण कवचाचे असून ते फुगलेल्या रसाळ देठाच्या टोकाशी लागते. काजूचा बोंडू मोठा, बिब्ब्याचा लहान व नारिंगी. दोहोंच्या कवचातील तेलाने अंग उतते, आणि दोहोंच्या आतील गर मात्र आपण आवडीने खातो. बिब्ब्याचा गर म्हणजेच लाडवांत पडणारी गोडंबी.

इतिहास मात्र दोघांचा निराळा. बिब्बा याच भूमीचा. त्याच्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत. हृदयासारख्या आकारावरून युरोपीय वैद्य त्याला ‘अनाकार्डियम’ म्हणत. मुंबई बेट खंडाने घेतलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात बिब्ब्याचे वर्णन केले आहे. काजू हा मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून तो आला आणि कोकण-गोव्याच्या जांभ्या दगडात रुजला.

१७५३ साली लिनियसने ‘अनाकार्डियम’ हे नाव काजूला दिले व त्यास ‘पश्चिमेकडील’ असे विशेषण जोडले. बिब्ब्याला पुढे लिनियसच्या पुत्राने ‘सेमेकार्पस’, म्हणजे खुणेचे फळ, असे नाव ठेवले. जुने नाव त्याच्यामागे शेपटासारखे राहिले. अशा रीतीने घरच्याचे नाव पाहुण्याला मिळाले!

आपल्या श्रद्धेला कोणी ‘परकी’ म्हटले की आपण व्यथित होतो. काजूला आज कोणी परका म्हणत नाही. वेंगुर्ल्याचे नाव त्याच्या वाणांना लाभले आहे, आणि गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. माती स्वीकारते, हे खरे. परंतु माणसे? बिब्ब्याचे वर्णन करणारा ओर्ता ज्यू वंशाचा होता. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, गोव्याच्या धर्मन्यायासनाने त्याची हाडे उकरून जाळविली. परका कोण हे ठरविण्याची घाई आपल्याही घरात झाली होती, हे आपण विसरू नये. काजूचे कौतुक करताना गोडंबीचीही चव मुलांना द्यावी, आणि तिच्यासोबत ही कथाही सांगावी.