पोस्टकार्डावरचा पूल आणि चौकटीबाहेरची माणसे

एका निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रंथसंग्रहात आम्हांला बोरघाटातील रेल्वेपुलाचे जुने चित्र-पोस्टकार्ड मिळाले. उंच दगडी कमानी, खाली दरी, वर आगगाडी. माणूस एकही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या छायाचित्रकारांनी अशी कार्डे काढली आणि साहेबांनी ती विलायतेला धाडली. चित्र देखणे आहे, यात वाद नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने संहितेला विचारावयाचा प्रश्न येथेही विचारला पाहिजे : हे कोण सांगते आहे, आणि काय गाळते आहे?

बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे व आठ मोठे पूल उभारताना १८६१ च्या सुमारास तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पावसाळ्यात काम थांबे. उन्हाळ्यात पटकीची साथ माणसे नेई. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. त्यात एक युरोपीय मारला गेला, चौकशी झाली आणि कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. मजुरीचे तंटे न्यायाधीशाने लवकर मिटवावेत म्हणून १८६० साली कायदाही आला. पुढचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच अल्पावधीत वारले; ते काम त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी पुरे करवून घेतले. ही नावे इतिहासाने जपली. पाथरवट, बेलदार, चुना कालवणाऱ्या बाया यांची नावे मात्र कुठेच आढळत नाहीत.

पुलाच्या भव्यतेलाही दुसरी बाजू होती. याच घाटातला एक मोठा पूल जुलै १८६७ मध्ये कोसळला. निकृष्ट बांधकामाची तेव्हा बरीच चर्चा झाली. कार्डावरची अचल कमान हे सारे पोटात घालून स्तब्ध उभी आहे. चित्र खोटे नाही; ते अपुरे आहे.

आता आमच्या हिंगोलीकडे वळू. पूर्णा–हिंगोली हा मार्ग निजामाच्या राज्यात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आला. आमच्या पुलांची कार्डे कुणी छापल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही. २००८ पर्यंत मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली आणि जुने रूळ उखडले गेले. परंतु त्या रुळांवर गस्त घातलेले गँगमन आजही वसमत–हिंगोली परिसरात भेटतात. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, पोस्टकार्ड जपून ठेवा. पण त्याआधी या वृद्धांपाशी जाऊन बसा. त्यांचे बोल टिपून ठेवले नाहीत, तर बोरघाटातील मजुरांप्रमाणे तेही चौकटीबाहेरच राहतील, आणि तो दोष या वेळी परकीय छायाचित्रकाराचा नसेल.