दांतांचें दप्तर

तीसांहून अधिक वर्षें शाळेचा कॅटलॉग भरण्यांत गेल्यामुळें नोंदीचें महत्त्व मला नवें नाहीं. तरी माझ्या दंतवैद्यांनीं परवां तें पुन्हां शिकविलें. संगणकाच्या पडद्यावरील '२६' ह्या आंकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, हाच तो आपला दुखरा दांत!" ह्या दोन अंकांमागें मोठा इतिहास आहे.

१८६१ सालीं व्हिएन्नाच्या अॅडॉल्फ झिग्मॉंडी ह्यांनीं एक उभी व एक आडवी रेघ काढून मुखाचे चार भाग कल्पिले, आणि प्रत्येक भागांतील दांतांस मध्यापासून १ ते ८ असे अंक दिले. स्मरणावर विसंबणारी विद्या अशी कागदावर स्थिरावली.

दांतांच्या नोंदींची खरी कसोटी लागली ती पॅरिस येथें. ४ मे १८९७ रोजीं तेथील धर्मादाय बाजारास आग लागून सव्वाशेंच्या आसपास माणसें, त्यांत बहुतेक स्त्रिया, मृत्यु पावलीं. कित्येक देह आप्तांनाहि ओळखूं येईनात. तेव्हां पॅराग्वेच्या वाणिज्यदूतानें दंतवैद्यांस पाचारण करण्याची सूचना केली. डॉ. डेव्हनपोर्ट ह्यांनीं आपल्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीण, आलांसोनची डचेस, हिचा देह ओळखला गेला.

परंतु झिग्मॉंडींच्या रेघा टंकयंत्रास व संगणकास गैरसोयीच्या होत्या. म्हणून १९७० सालीं आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक संघानें दोन अंकांची पद्धति स्वीकारली. पहिला अंक भागाचा, दुसरा दांताचा. २६ म्हणजे वरची डावीकडील पहिली मोठी दाढ. आतां त्या अंकाशेजारींच क्ष-किरणचित्र, केलेले उपचार आणि रुग्णास न सोसणारें औषध हें सारें एकत्र नोंदतां येतें. भारत सरकारनें अशा नोंदींचीं सुधारित मानकें २०१६ सालीं प्रसिद्ध केलीं. २०२१ सालीं देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्यें रुग्णाच्या संमतीनेंच नोंदी दुसऱ्या वैद्याकडे जाव्या, असें तत्त्व आहे.

एक इशारा मात्र जुन्या मास्तराचा. शाळेच्या रजिस्टरांत चुकलेली जन्मतारीख मुलाचा जन्मभर पाठलाग करी. यंत्र कांहीं विसरत नाहीं. पण म्हणूनच तें चुकीचें लिहिलेलेंहि विसरत नाहीं. तेव्हां पडद्यावर काय लिहिलें जात आहे, तें आपण अवश्य विचारावें. दांत आपले आहेत. त्यांचें दप्तरहि आपलेंच आहे.