स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर

उंचावरचा पदार्थ खाली येऊ लागला की त्याची गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा (वस्तुमान × गुरुत्वप्रवेग × उंची) कमी होते आणि तेवढीच गतिज ऊर्जा वाढते. ही गतिज ऊर्जा दोन प्रकारची असते : पुढे सरकण्याची म्हणजे स्थानांतरी आणि स्वतःभोवती फिरण्याची म्हणजे परिवलनी. घरंगळणाऱ्या पदार्थात कोणत्या प्रकाराच्या वाट्याला किती येते हे वजनावर वा आकारमानावर नव्हे, तर अक्षाभोवती वस्तुमान कसे पसरले आहे यावर, म्हणजे वस्तुमान व त्रिज्या यांच्या मानाने निरूढी परिबल किती आहे यावर ठरते. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात गोटी आणि सायकलचा टायर एकदम सोडले, तर न घसरता घरंगळणारी भरीव गोटी पुढे राहील. तिची ५/७ ऊर्जा पुढे जाण्यात लागते. टायरचे सारे वस्तुमान कडेला असल्याने त्याची निम्मी ऊर्जा फिरण्यातच जाते. मोठा टायर घेतला तरी निकाल बदलत नाही, हे मुलांना सहसा पटत नाही.

याच तत्त्वाचे भव्य उदाहरण कोयना जलविद्युत प्रकल्प. पाटण तालुक्यातील (जि. सातारा) शिवाजीसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम कड्याखाली, पोफळी (जि. रत्नागिरी) येथील भूमिगत वीजगृहात उतरते. पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला. पहिल्या दोन टप्प्यांत पाणी सुमारे ४७५ मीटर खाली येते. एक घनमीटर पाण्यामागे त्यातून सुमारे ४७ लाख जूल, म्हणजे साधारण १.३ युनिट मिळू शकतात. घर्षणातील तूट सोडल्यास तोटीतून सुटणाऱ्या झोताचा वेग सेकंदाला सुमारे ९६ मीटर भरतो. इथपर्यंत सर्व गती स्थानांतरी. झोत पेल्टन चक्राच्या जोडवाट्यांवर आदळून उलट वळतो आणि चक्र फिरते. वाटीचा वेग झोताच्या निम्मा ठेवला, तर पाणी जवळजवळ सारी ऊर्जा देऊन निपचित खाली पडते. चक्राची कारागिरी ती हीच. चौथ्या टप्प्यात मात्र फ्रान्सिस टरबाइन आहेत. चारही टप्पे व धरणाच्या पायथ्याचे वीजगृह मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

पूर्वेला सोडलेले पाणी पायथ्याच्या वीजगृहातून थोड्याच उंचीवरून उतरते आणि कराडला कृष्णेला मिळून सांगलीकडे जाते. वीज कमी मिळते, पण ऊस या पाण्यावर उभा राहतो.

पुढे रूपांतराची दिशा उलटते. टेंभू (ता. कराड) येथून खानापूर-आटपाडीकडे, म्हैसाळ (ता. मिरज) येथून कवठेमहांकाळ व जतकडे कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलले जाते. पंपाच्या फिरत्या चक्राची ऊर्जा पाण्याच्या उंचीत साठते. एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला किमान ०.२७ युनिट लागते. पंप व वाहिनीतील तूट धरता प्रत्यक्षात त्याहून अधिक.